डाव्या कानातलं

आमच्या घरात टीव्ही माझ्या ताब्यात येतो तो फक्त दुपारी. मुलगा शेंद्र्याला कंपनीत असतो, सून तिच्या ऑफिसात, आणि उस्मानपुऱ्यातली आमची गल्ली जेवून आडवी झालेली असते. त्या दुपारी मी टीव्ही लावला, समोर स्टूल ओढलं, स्टुलावर मोबाईल स्पीकरवर टाकून ठेवला आणि विचारलं, "येतंय का ऐकू?"

"येतंय," तिकडून, मनिलाहून, माझी मैत्रीण म्हणाली. "आता तू बघ आणि मला सांग. आणि गाळू काही नको. तुला गाळायची सवय आहे."

तिला दिसत नाही. साखरेनं तिचे डोळे नेले, आधी एक, मग दुसरा. टीव्हीवर लावायचा होता तिच्या आईचा सिनेमा, काळा-पांढरा, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला. आईचा एकही सिनेमा तिनं आयुष्यात बघितला नव्हता, आणि आता एक सापडला तर डोळे नाहीत. म्हणून बघणार होते मी, जिला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, आणि ऐकणार होती ती.

आमची ओळख सौदीतली. मी इथली नोकरी सोडून नर्स म्हणून तिकडं गेले तेव्हा मुलगा शाळेत होता. सासूबाई खंबीर होत्या म्हणून जमलं. हॉस्पिटलच्या मागं नर्सेसची बिल्डिंग होती, तिथल्या एका खोलीत मला हिच्याबरोबर टाकलं. तिथं सगळ्याच सिस्टर. ती मला सिस्टर म्हणायची, मी तिला. नावाची गरज पडायची ती सहीपुरती. सुरुवातीला आमचं काही जमेना. ती सुकी मासळी तळायची, मी धाडधाड खिडक्या उघडायचे. मी लसणाचा ठेचा करायचे, ती खोकत जिन्यात जाऊन बसायची.

दोघींत टीव्ही मात्र एकच. एक दिवस माझा हिंदी सिनेमा, एक दिवस तिच्याकडचा. दुसरीचा सिनेमा चालू असताना करणार काय, बघतच बसावं लागायचं. मग मी तिला सांगायचे, ही त्याची बहीण, हा तिचा खरा बाप, आता गाणं येईल, तू चहा टाक. ती मला तिच्याकडचं सांगायची. मोडकं इंग्रजी, मोडकं हिंदी आणि वॉर्डात शिकलेलं चार शब्दांचं अरबी, एवढ्यावर आमचं सगळं भागायचं. हळूहळू मासळीचा वास येईनासा झाला. ती ठेचा मागून घ्यायला लागली.

तिच्या पलंगाच्या डोक्याशी एक फोटो चिकटवलेला होता. एक गोरीपान, लांब नाकाची बाई जमिनीवर पडून रडतेय आणि तिच्यासमोर एक सावळी, ठसठशीत बाई हात उगारून उभी आहे. हिची आई सिनेमात होती हे मला कळलं तेव्हा मी कौतुकानं म्हटलं, "लई सुंदर आहे गं तुझी आई. कशी रडतेय बिचारी."

तिनं डाव्या कानातलं काढलं, खिशात ठेवलं, आणि मग शांतपणे म्हणाली, "ती नाही. मारणारी."

आता मी स्वतः अशी, की मला बघायला आलेले लोक चहा-पोहे खाऊन रंगावरून परत गेले होते. तरी माझा डोळा गेला तो गोरीवरच. मला माझंच हसू आलं. ते बघून तीही हसली आणि कानातलं परत घातलं. ते काढायचं काय प्रकरण होतं ते त्या वेळी मला कळलं नाही. आमच्या शाळेत पोरी भांडायच्या आधी वेण्या घट्ट बांधायच्या, तसलंच काहीतरी असेल असं वाटलं.

मग रोज थोडं थोडं तिनं आईचं आयुष्य मला सांगितलं. आई समुद्रकाठच्या एका गावातली, शिंप्याची पोर. त्यांच्याकडं गावाच्या संताची जत्रा भरते आणि त्यात गावातल्या एका पोरीला राणी करून मिरवतात. लढाई संपली, त्यानंतरच्या जत्रेत ही राणी झाली. अंगावरचा झगा बापानं पॅराशूटच्या कापडाचा शिवलेला. मनिलाच्या एका स्टुडिओचा माणूस ती मिरवणूक बघायला उभा होता. त्यानं बापाला विचारलं, बापानं नाही म्हटलं, तिच्या आईनं रडारड केली, आणि पोरगी गेली.

स्टुडिओत तिला चालायला शिकवलं, मोटारीतून उतरायला शिकवलं, हसताना दात किती दाखवायचे ते शिकवलं. मग कॅमेऱ्यासमोर उभी केली आणि साहेब लोकांनी ठरवलं की चेहरा बरा आहे, पण नायिका गोरीच लागते, स्पॅनिश रक्ताची. हिला मोलकरीण द्या. सुरुवातीचे सगळे सिनेमे ती पाण्याचा ट्रे घेऊन आली आणि "आले बाईसाहेब" म्हणून गेली. हे ऐकताना मला इतका राग यायचा की मी हातातला कपडा जास्तच जोरात पिळायचे. मग एकदा जमीनदाराच्या दुष्ट मुलीचं काम करणारी बाई आजारी पडली, शूटिंग अडलं, आणि मोलकरणीला तिचा झगा चढवला. कॅमेऱ्यानं तिचे डोळे बघितले. तिथून तिनं नायिकेला जे छळायला घेतलं ते शेवटपर्यंत. कधी सावत्र बहीण, कधी नवऱ्याची ठेवलेली, कधी सावकाराची विधवा. प्रत्येक सिनेमात एकदा तोंडात मारायची, आणि शेवटी पश्चात्ताप होऊन मरायची.

एका सिनेमात मारामारी रंगात आली आणि नायिकेची अंगठी हिच्या डाव्या कानातल्यात अडकली. कानाची पाळी फाटली. टाके घालून दुसऱ्या दिवशी परत उभी राहिली, पण त्यानंतर तोंडात मारायच्या आधी ती डाव्या कानातलं काढून बाजूला ठेवायला लागली. स्वतःच्या काळजीपोटी. दिग्दर्शकाला ते लई आवडलं. तो म्हणाला, हे सिनेमातच घेऊ. मग लोकांना ते पाठ झालं. तिचा हात डाव्या कानाकडं गेला की थिएटर गप्प व्हायचं आणि बायका नायिकेला ओरडून सांगायच्या, पळ गं, पळ.

बाजारात मासेवाल्या तिला मासे देत नसत. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसत नसे. एकदा थिएटरबाहेर एका म्हातारीनं तिच्या डोक्यात छत्री घातली. ती घरी येऊन डोक्याला बर्फ लावत हसली आणि म्हणाली, गोरीला फुलं मिळतात, मला छत्री मिळाली, माझं काम जास्त खरं.

पोस्टरवर तिचा चेहरा कधी मोठा झाला नाही. रंगीत सिनेमे आले, नव्या मुली आल्या, स्टुडिओला कुलूप लागलं. सेटवरचे खोटे बंगले उभे करणाऱ्या सुताराशी तिनं लग्न केलं आणि दोघांनी गाडीवाल्यांसाठी भात-माशाची खाणावळ टाकली. जुने ड्रायव्हर जेवता जेवता म्हणायचे, बाई, एकदा ते कानातलं काढून दाखवा ना, आणि ती गल्ल्यावर बसल्या बसल्या काढून दाखवायची. सगळे ताटं सोडून पळायचं सोंग करायचे.

घरी मात्र ते सोंग नव्हतं. तिनं पोरांवर कधी हात उगारला नाही. खरंच रागावली की डाव्या कानातलं काढायची, टेबलावर ठेवायची आणि गप्प बसायची. पोरं चळाचळा कापायची. राग गेला की परत घालायची. माझ्या मैत्रिणीनं ते आईकडून उचललेलं. सौदीत तिनं मेसवाल्यासमोर, सुपरवायझरसमोर, आणि माझ्यासमोर तर कितीदा ते काढलं असेल.

आणि त्या सिनेमांचं काय झालं? गोदामात, उकाड्यात, दमट हवेत रिळं पडून राहिली आणि आंबून गेली. गोदाम उघडलं तर नुसता आंबट वास, म्हणाली, आणि मग ते सगळं ट्रकमध्ये भरून फेकून दिलं. त्याआधी एकदा एक सिनेमा टीव्हीवर दाखवणार होते. गल्ली जमली, खुर्च्या मांडल्या, आणि त्याच संध्याकाळी वादळ आलं, वीज गेली. तेव्हा आईनं मेणबत्तीच्या उजेडात सगळी गोष्ट एकटीनं करून दाखवली, गोरीची पण आणि स्वतःची पण. लेकीला तेवढंच बघायला मिळालं. "पण तेव्हा ती जाड झाली होती," ती म्हणायची. "मला ती तरुण बघायची होती. मिरवणुकीतली."

मला त्या खोलीची आठवण येते. खरं सांगते, तिथं असताना मी इथल्या घरासाठी जीव टाकायचे, चिकलठाण्याला विमान कधी उतरतंय असं व्हायचं. आता इथं सगळं आहे, आणि त्याच चिकलठाण्याचं विमान डोक्यावरून गेलं की मला ती खोली हवी असते. ती फोटोखाली पाय पसरून बसलेली, मी खाली कांदा चिरतेय, आणि ती सांगतेय.

तिची आई गेली ते आम्ही तिथं असतानाच. आधी आजारी पडली. फोनवर म्हणाली, ये. ही म्हणाली, पुढच्या महिन्यात रजा आहे, तेव्हा येते. आई गप्प झाली, मग फोन भावानं घेतला. पुढचा महिना यायच्या आतच आई गेली. वॉर्डात माणसं कमी होती, पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात होता, आणि कपाटाच्या किल्लीवाल्याला कुणाच्या आईशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्याकडं माणूस गेल्यावर बरेच दिवस घरात ठेवतात, लांबची लेकरं पोचावीत म्हणून. हिच्यासाठी ठेवलं, आणि ही पोचली नाही.

ती बातमी आली त्या दिवशी तिची सकाळची ड्यूटी होती, दुपारची माझी. नर्सेसचा एक नियम असतो. ड्यूटी बदलताना दोघींनी प्रत्येक पलंगाशी उभं राहायचं, जाणारीनं येणारीला रिपोर्ट द्यायचा. पेशंट कसा आहे, श्वास कसा, नाडी कशी, झोपला का, काही मागतोय का. जे डोळ्यांनी बघितलं तेच सांगायचं, मनाचं काही घालायचं नाही. तिनं त्या दिवशी सगळा वॉर्ड मला नीट समजावून दिला, एक शब्द चुकला नाही. शेवटच्या पलंगाशी थांबली आणि म्हणाली, "सगळ्यांचा रिपोर्ट आहे माझ्याकडं. आईचाच नाही."

मी तिला तिथंच धरलं. पेशंट बघत होते, बघू देत.

त्यानंतर तिला एकच गोष्ट खात राहिली. त्या शेवटच्या फोनवर आई गप्प झाली तेव्हा तिचा हात कानाकडं गेला होता का? फोनवर ते दिसत नाही ना. भावाला विचारलं तर तो म्हणाला, मरणाच्या दारातल्या बाईच्या कानात काय होतं ते कोण बघतं. बरोबरच आहे त्याचं. पण हिचा जीव तिथं अडकला तो अडकलाच. मी इकडं परत आले, ती तिकडं गेली, दोघी म्हाताऱ्या झालो, तिचे डोळे गेले, आणि आठवड्याच्या फोनवर कुठूनही बोलायला सुरुवात केली तरी गाडी त्याच स्टेशनावर यायची. "सिस्टर, ती रागावून गेली असेल का गं?" मी म्हणायचे, नाय गं. ती म्हणायची, तू बघितलंस का?

आणि मग तिच्या भाचीला इंटरनेटवर हा सिनेमा सापडला. परदेशात कुणाच्या तरी संग्रहात याची एक रिळांची पेटी तगली होती. मधली काही रिळं गायब, बाकीच्यांवर पाऊस पडल्यासारखे ओरखडे. भाचीनं आधी स्वतः बघितला आणि आत्याला म्हणाली, आजी लई जास्तच ॲक्टिंग करते. आत्यानं डाव्या कानातलं काढलं आणि मला फोन लावला. "तिला काय माहीत कुठं बघायचं," म्हणाली. "तू बघ."

तर ती दुपार. सिनेमा नेटवरून टीव्हीवर कसा लावायचा, कसा थांबवायचा ते मुलानं दाखवून ठेवलं होतं. मी सांगायला लागले. समुद्र आहे. नारळाची झाडं आहेत. गोरी आली, फुलं तोडतेय. एक बाप्या झाडामागून बघतोय, मिशी बारीक आहे, मला काही पसंत नाही.

"तुझं मत नको, पुढं सांग."

"मोटार आली. दार उघडलं. पाय बाहेर आला." आणि तेवढ्यात ती मोटारीतून उतरली, मला सांगायची गरज राहिली नाही, कारण टीव्हीतून तिचा आवाज आला. खर्जातला, सावकाश.

"हीच," मैत्रीण म्हणाली. "जाड व्हायच्या आधीचा आवाज आहे. कशी दिसते?"

काय सांगू? मी सांगितलं, सावळी आहे. मान लांब आहे. कंबर एवढीशी. तुझ्यासारखी भुवई उचलते. उतरताना दात अगदी मोजून दाखवले तिनं. गोरी तिच्या शेजारी पिठाच्या गोळ्यासारखी दिसतेय. तिकडून हसल्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा.

सिनेमा रंगात आला. दिवाणखान्यात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि तिचा हात डाव्या कानाकडं गेला. मी म्हटलं, "काढतेय बघ. काढलं. टेबलावर ठेवलं." तिकडून ती तिच्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाली. मी विचारलं काय. "पळ गं, म्हटलं." तिच्या आईनं हात उगारला आणि त्याच क्षणाला खालून शेजारीण ओरडली, "नळ आला, मोटार लावा."

ज्यांच्या शहरात रोज पाणी येतं त्यांना हे कळायचं नाही. आमच्याकडं नळाची वाट बघण्यात आठवडा जातो. मी तिच्या आईचा हात तसाच हवेत थांबवला आणि फोनवर ओरडले, "सिस्टर, पाणी आलंय, थांब." 

"भर तू, भर," ती म्हणाली. "आई थांबेल."

मी मोटार लावून टाकीत पाणी सोडलं, बादल्या, पातेली भरली. मधून मधून दारातून डोकावत होते. टीव्हीवर ती तशीच उभी, हात उगारून, आणि स्टुलावरच्या फोनमधून तिची लेक तिच्याशी बोलत होती. त्यांच्या भाषेत, हळू, न थांबता. मला एक शब्द कळत नव्हता. मी एक पातेलं उगाचच दुसऱ्यांदा विसळलं.

ओल्या हातानं परत येऊन बसले. मग ती तोंडात मारणं झालं, गोरी पडली, बाप्या आला, एक अख्खं रीळ गायब असल्यामुळं अचानक सगळ्यांचे कपडे बदलले, आणि शेवट आला. ठरल्याप्रमाणं पश्चात्ताप. एक पलंग, पांढरी चादर, भोवती सगळे, आणि पलंगावर ती.

"काय चाललंय?" मैत्रिणीनं विचारलं. गाणं वाजत होतं, बोलणं बंद झालं होतं.

मी म्हटलं, "मरतेय गं."

मग वॉर्डातल्या आवाजात, ज्या आवाजात आम्ही इतकी वर्षं एकमेकींशी बोललो त्याच आवाजात, ती म्हणाली, "सिस्टर, रिपोर्ट दे."

मी उठून टीव्हीजवळ गेले. वॉर्डात पलंगाशी उभं राहायचे तशी उभी राहिले. सिनेमात ती मेली होती, गोरी तिच्या पायावर डोकं ठेवून रडत होती. पण मी जन्मभर दुसरं काही बघितलेलं नाही. माझे डोळे आपोआप छातीवर गेले.

"पेशंट शांत आहे," मी म्हटलं. "डोळे मिटलेले. चेहऱ्यावर त्रास नाही. चादर छातीपर्यंत आहे. चादर हलतेय. श्वास चालू आहे."

"चालू आहे?"

"व्हय. रोखून धरतेय, पण मला दिसतोय. चालू आहे."

"आणि कान?" ती म्हणाली. "डावा कान दिसतो का?"

कानातलं नसतं, तर मला नाही असंच सांगावं लागलं असतं. रिपोर्टमध्ये खोटं नसतं, ते तिलाही माहीत होतं, म्हणून तर तिनं मला विचारलं होतं. मी चित्र थांबवलं. चष्मा पुसून परत लावला. केस उशीवर मागं पसरलेले होते, डावी बाजू आमच्याकडं होती.

"दिसतो."

"काढलंय?"

"नाही," मी म्हटलं. "आहे. कानातच आहे."

खाली टाकी भरून वाहायला लागली होती, शेजारीण माझ्या नावानं शंख करत होती, आणि मी जागची हलले नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "थोडं मागं घे. परत सांग."

मी मागं घेतलं. पलंग आला, पांढरी चादर आली. मी परत सांगायला लागले. पेशंट शांत आहे. श्वास चालू आहे. डाव्या कानातलं कानात आहे.